बुरुल आपाचे खालचे दात

बुरुल आपा पहिल्यांदा दवाखान्यात आली ती दात काढून घ्यायलाच. खुर्चीत बसायच्या आधी तिनं तोंड उघडलं, खालच्या ओळीतल्या एका पुढच्या दातावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा ओढ."

मीरिम डॉक्टर हात धूत होती. "आधी बसा तरी, आपा."

"बसले काय, उभी राहिले काय, दात तोच."

मी तिच्या गळ्याखाली कागदी रुमाल बांधला. आम्ही एकाच गल्लीतल्या, किर्गिझस्तानातल्या नारिन गावाच्या नदीकडच्या टोकाला. दवाखान्यात मी डॉक्टरच्या हाताखाली असते; हत्यारं उकळायची, तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची. बुरुल आपाला इतकी वर्षं नळावर, रस्त्यात, तिच्या अंगणात पाहत आले होते, पण तिच्या तोंडात डोकावायची वेळ कधी आली नव्हती. पुढच्या दातांची टोकं झिजून सपाट झालेली. खालचे चार एकमेकांवर चढलेले, आणि त्यातला एक ओळ सोडून पुढे आलेला.

"दुखतो का?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही."

"हलतो?"

"नाही."

"मग का काढायचा?"

"लोखंड नीट बसत नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. ती बिश्केकहून शिकून आलेली, गावात नवी. मी म्हटलं, "तुर्दाकुन उस्ताची बायको." मग तिनं मान हलवली. उस्ताचं नाव तिनंही ऐकलं होतं.

तुर्दाकुन उस्ता, म्हणजे उस्ताद, जातीचा लोहार. नाल ठोकायचा, विळे करायचा, पण त्याचं नाव झालं ते लोखंडी कोमुझमुळे. तळहातात मावणारं वाद्य. बाहेर लोखंडाची चौकट, मधोमध पोलादी जीभ. चौकट वरच्या-खालच्या दातांवर टेकवायची, जीभ बोटानं छेडायची, आणि तोंडाची पोकळी लहानमोठी करत तिला बोलतं करायचं. आपल्याकडे भारतात मोरचंग म्हणतात ना, तसंच. इथे ते बायकांचं वाद्य.

उस्ताला स्वतःला ते वाजवता येत नसे. तरुणपणी घोड्याच्या लाथेनं त्याचे पुढचे दात गेले होते आणि तिथे सोन्याचे बसवले होते. "सोन्यावर लोखंड बोलत नाही," तो म्हणायचा. म्हणून प्रत्येक कोमुझ आधी बुरुल आपाच्या दातांवर जायचं. जीभ आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी फट लागते. जास्त झाली तर आवाज पडतो, कमी झाली तर जीभ कडेला घासून चरचरते. तो कानस फिरवायचा, जीभ बसवायचा, तिच्या हातात द्यायचा. ती दातांना लावून एकदा छेडायची आणि म्हणायची, "अजून." तो पुन्हा घासायचा. "अजून." पुन्हा. "बस."

त्यांच्या अंगणावरून जाता-येता मी हे दोनच शब्द ऐकत आले. घरात पाहुणे असले तरी तेच, दोघांचं बिनसलं असलं तरी तेच. एकदा मी तिला विचारलं, "आपा, तुम्ही दोघं दुसरं काही बोलता की नाही?"

"जेवताना 'मीठ' म्हणतो," ती म्हणाली.

त्यांचं लग्नही तसंच झालेलं. ती वरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाची मुलगी. उस्ता तिकडे घोड्यांना नाल ठोकायला गेला होता, बरोबर एक नवं कोमुझ होतं. तिथल्या मुलींनी वाजवून पाहिलं, छान आहे म्हणाल्या. हिनं वाजवलं आणि म्हणाली, कुत्रं हाड चघळतंय असं वाटतं. तो ते घेऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आला. "आता?" "अजून." त्या वर्षी तो तिला घेऊनच खाली उतरला.

मागच्या वर्षी झाडांची पानं पिवळी पडत असताना उस्ता गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही.

रीतीप्रमाणे अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभा राहिला. बाहेरून पुरुषांच्या टोळ्या मोठ्यानं रडत येतात, आणि आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायका कोशोक म्हणून त्यांना उत्तर देतात. कोशोक म्हणजे गेलेल्याचे गुण सांगत गायचा विलाप. तो बायकोनं उचलायचा, मग बहिणींनी, लेकींनी. बुरुल आपा भिंतीकडे तोंड करून बसली. पहिली टोळी आली. रडणं तंबूच्या दाराशी येऊन थांबलं. आत सगळ्या वाट पाहत होत्या. आपा समोरच्या नमद्यावरची नक्षी पाहत होती. शेवटी उस्ताची थोरली बहीण कुलिपा हिनं विलाप उचलला, आणि सगळे दिवस तिनंच म्हटला.

मी आपाच्या शेजारी होते. तिचा हात हातात घेतला. गार नव्हता, गरमही नव्हता. ती रडू दाबत होती असं नाही. रडू तिथे नव्हतंच.

बाहेर भांडी घासताना कुलिपा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या भावाची ऐरणसुद्धा हिच्यापेक्षा जास्त वाजली असती."

हिवाळा तसाच गेला. आपा स्वयंपाक करायची, गाईला वैरण टाकायची, कोणी काही विचारलं की उत्तर द्यायची. एक दिवस तिच्या मनगटावर चहाच्या समोवारचा चटका बसल्याची लांब लाल खूण दिसली. मी म्हटलं, "कधी भाजलं हे?" तिनं मनगट उलटं करून बघितलं. "भाजलंय का?" म्हणाली. संध्याकाळी हात जोडते तेव्हा मी तिचं नाव घेत असे. तिला रडू दे असं मागायचा मला धीर झाला नाही. तिला पेलेल तेवढं दे, एवढंच म्हणायची.

बर्फ वितळू लागलं तेव्हा एका शुक्रवारी कुलिपा आली. गेलेल्या माणसाला वास पोचावा म्हणून शुक्रवारी बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे तुकडे, तळतात. मी आपाला पीठ लाटून देत होते. आपानं साठी ओलांडली होती, पण कुलिपाच्या तोंडी ती अजून केलिनच, म्हणजे घरात आलेली सून.

"वर्ष भरल्याच्या जेवणाला तंबू परत उभा राहील," कुलिपा म्हणाली. "सगळं खोरं येईल. तेव्हा तरी तोंड उघडशील का, केलिन?"

"उघडीन."

"उघडून काय करशील? जांभई देशील?"

आपानं कढईतले बोरसोक उलटवले. थोरल्या नणंदेला ती एजे म्हणायची. "माझ्या गळ्यातून काही येत नाही, एजे. मी वाजवीन."

"वाजवशील."

"पूर्वी वाजवायच्या बायका. ज्यांचा गळा बसला, त्या कोमुझवरच विलाप करायच्या. तुमच्या आईनंच सांगितलं होतं मला."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर तुम्ही म्हणा. मागच्यासारखं."

"नाही म्हणणार," कुलिपा म्हणाली. "मागच्या वेळी मी तुझी लाज राखली. या वेळी तुझ्याशेजारी तोंड मिटून बसेन. लोक बाहेर रडत उभे राहतील आणि आतून उत्तर जाणार नाही. ऐकू दे सगळ्यांना. माझ्या भावामागे कुणी नव्हतं, हे तरी कळेल." मग तिनं एक गरम बोरसोक उचलला, फुंकर घालून खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

ती गेल्यावर आपानं फडक्यात बांधलेलं एक कोमुझ काढलं. घरात तेवढं एकच होतं. बाकीची सगळी विकली गेलेली, आणि तिच्या स्वतःच्या कोमुझची जीभ आदल्या वर्षी तुटली होती. तिच्यासाठी उस्तानं हे नवं करायला घेतलं होतं. पहिली जाड कानस झाली होती, जीभ बसवली होती, आणि तिथेच तो थांबला. तिनं ते दातांना लावून छेडलं. चर्र, एवढंच झालं. जीभ दोन्ही कडांना घासत होती.

"आणि हे सरळही बसत नाही," ती म्हणाली. "हा एक दात आडवा येतो."

म्हणून ती दवाखान्यात आली होती.

"काढला तर तिथे खड्डा पडेल, आपा," मीरिम डॉक्टर म्हणाली. "मग लोखंड टेकणार कशावर?"

"मग काय करू?"

"गर्दी झालीय म्हणून तो पुढे आलाय. या सगळ्यांच्या कडा जराशा घासू, जागा होईल. मग बारीक तार लावू. तो हळूहळू आत सरकेल."

"दात घासणार."

"कडेनं. केसाएवढे."

"कानशीनं?"

"कानशीसारखीच पट्टी असते."

आपा खुर्चीत मागे टेकली. "घास," म्हणाली.

"भूल नको ना? खरं तर लागत नाही. वरच्या कवचात, इनॅमलमध्ये नस नसते. त्याला काही कळत नाही. फक्त आवाज येईल."

"काही कळत नाही?"

"काही नाही."

"बरं आहे त्याचं."

डॉक्टरनं पट्टी काढली. कागदाहून पातळ, पोलादाची, एका अंगाला हिऱ्याची पूड बसवलेली. ती दोन दातांच्या मध्ये घालायची, दोन्ही टोकं बोटांत धरायची आणि पुढे-मागे ओढायची. खर्र, खर्र. पांढरी पूड पाण्याबरोबर माझ्या नळीत येत होती. आपाचे डोळे छताकडे होते. बऱ्याच वेळानं तिनं एक बोट वर केलं. डॉक्टर लगेच थांबली.

"लागलं का?"

"अजून," आपा म्हणाली. "खरखरतंय."

डॉक्टर हसली. "माहितीय, आपा. ही पहिलीच पट्टी. अजून तीन आहेत, एकीपेक्षा एक मऊ. शेवटी चाक फिरवून चकचकीत करते. तुम्ही मुकादम आहात की पेशंट?"

"तोंड माझं आहे ना."

सगळं झाल्यावर डॉक्टरनं तिला संगणकावर चित्रं दाखवली. शिकत असताना तिनं उपटलेले दात गोळा करून, वेगवेगळ्या पट्ट्यांनी घासून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. न घासलेला दात गोठलेल्या तळ्यासारखा दिसत होता. जाड पट्टीनं घासलेला म्हणजे नांगरलेलं शेत. लांबच लांब सऱ्या आणि मधे उकरलेली ढेकळं. मऊ पट्ट्या आणि चाक फिरवल्यानंतरचं चित्र बरं होतं, सऱ्या उथळ झालेल्या. पण होत्या.

"ह्या असतातच?" आपानं विचारलं.

"थोड्या राहतातच. पण असं सोडलं तर," डॉक्टरनं नांगरलेल्या चित्रावर बोट ठेवलं, "तर त्यात सगळं अडकत राहतं. चहाचे डाग, खाल्लेलं, किडीचं घर. म्हणून घासण्यापेक्षा नंतर गुळगुळीत करण्यालाच जास्त वेळ द्यायचा."

आपा बराच वेळ ते चित्र पाहत राहिली.

त्या दिवशी दोन फटी झाल्या आणि तार लागली. उरलेल्या फटींसाठी ती जूनच्या सुरुवातीला आली, आणि त्या दिवशी घोळ झाला. पट्टीनं घासून झालं, डॉक्टरनं चाकाचं यंत्र हातात घेतलं आणि वीज गेली. पाच मिनिटं थांबलो. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. आपाचा मुलगा वरच्या कुरणावर निघाला होता, पाठीमागे मेंढ्या भरलेल्या, तंबूच्या काठ्या बांधलेल्या.

"निदान हातानं मऊ पट्ट्या तरी मारू द्या," डॉक्टर म्हणाली.

भोंगा पुन्हा वाजला. "मेंढ्या उन्हात आहेत," आपा उठत म्हणाली.

"मग सोमवारी नक्की या. थोडंसंच काम आहे, पण राहता कामा नये."

"सोमवारी येते," आपा म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.

डॉक्टर सोमवारी तिची वाट पाहत राहिली. मी तिला काय सांगणार? इथे उन्हाळ्यात कुणी सोमवारी येते म्हणालं, की मेंढ्या खाली उतरतील त्या सोमवारी, असं समजायचं.

जुलैत मी आणि आमचे हे कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आणायला वर गेलो, तेव्हा डॉक्टरनं माझ्याजवळ एक मऊ ब्रश आणि पेस्ट दिली. आपा ओढ्याकाठी घोडीचं दूध घुसळत होती. मी तिला उजेडाकडे वळवून तोंड उघडायला लावलं. पुढे आलेला दात खरंच आत सरकला होता, ओळ जवळजवळ सरळ झाली होती. पण ज्या फटी तशाच राहिल्या होत्या तिथे चहानं तपकिरी रेघा धरल्या होत्या.

"मांसाचे धागे अडकतात," ती म्हणाली. "जीभ लावली की मांजर चाटतंय असं लागतं."

"डॉक्टर रागावलीय तुमच्यावर."

"रागावू दे. तरुण आहे."

तिनं ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं. बर्फाचंच पाणी ते, मी बोट घातलं तर बधिर झालं. "दात शिरशिरत नाहीत तुमचे?" मी विचारलं.

"नाही."

मग तिनं खिशातून कोमुझ काढून दाखवलं. चौकट आता दातांवर सरळ बसत होती. आवाज तसाच, चर्र. मुलगा म्हणत होता, बिश्केकला एका कारागिराकडे नेतो, दोन दिवसांत करून देईल.

"मग द्या की," मी म्हटलं.

"दुसऱ्याचा हात नको त्याला."

"तर तुम्हीच घासा. घरात कानशी आहेत."

"त्या जाड. या फटीत जात नाहीत. तो जीभ काढून घासायचा आणि परत बसवायचा. ते बसवणं मला येत नाही." तिनं कोमुझ परत खिशात ठेवलं. "मी कधी घासलंच नाही, पोरी. मी नुसतं म्हणायची."

मेंढ्या सप्टेंबरमध्ये उतरल्या. जेवणाला आठवडाच राहिला होता. आपा दवाखान्यात आली आणि डॉक्टरनं तिला काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "सोमवार आहे."

डॉक्टरला हसू आवरलं नाही. आधी डाग काढले, मग पट्ट्या, एकीनंतर एक मऊ, मग चाक. अधूनमधून गार हवेचा फवारा मारून विचारायची, "काही जाणवतं?"

"हवा."

"कळ येते? शिरशिरतं?"

"नाही."

"नवल आहे," डॉक्टर मला म्हणाली. "इतके दिवस उघड्या सऱ्या होत्या. एवढ्यात कोणीही खुर्चीतून उठलं असतं."

शेवटी आपानं जिभेनं दात चाचपले. "हे जे घासून गेलं," तिनं विचारलं, "ते परत भरून येतं का?"

"नाही, आपा. हाड जुळतं, कातडी येते. इनॅमल परत येत नाही. लाळेतले क्षार सऱ्यांमध्ये हळूहळू बसतात, काही महिन्यांनी थोडं आणखी गुळगुळीत होतं. पहिल्यासारखं नाही होत."

"बरं," आपा म्हणाली. ती डॉक्टरच्या ट्रेकडे पाहत होती. "त्या फेकणार?"

वापरलेल्या पट्ट्या मी फेकायच्या डब्यात टाकत होते. "फेकाव्याच लागतात," मी म्हटलं. "तोंडातल्या आहेत."

"माझ्याच तोंडातल्या."

"तरी नाही देता येत, आपा."

"कशाला हव्यात?" डॉक्टरनं विचारलं.

आपानं खिशातून कोमुझ काढलं, जीभ आणि चौकट यांच्यामधल्या फटीवर नख ठेवलं. डॉक्टरनं ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मग कपाटातून एक नवी पट्टी आणली आणि तिच्या हातावर ठेवली. "ही मधली आहे. लोखंडावर किती टिकेल सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या फाटकाशी गेले तर ती पायरीवर बसलेली. कोमुझ गुडघ्यांत धरलेलं, पट्टी फटीत घातलेली, टोकं बोटांत, डॉक्टर करायची अगदी तसं पुढे-मागे. थोडं घासायची, फुंकर मारायची, दातांना लावून छेडायची. मला पाहून ती थांबली नाही. पुन्हा घासलं, पुन्हा छेडलं आणि म्हणाली, "अजून."

शब्द तोंडातून आपोआप निघाला असावा. कारण ते म्हटल्यावर तिनं हात पुढे केला, कोमुझ कुणाला तरी द्यावं तसा. हात तसाच राहिला. मग तिनं तो मागे घेतला आणि घासायला लागली.

मी फाटक न उघडता घरी आले.

पट्टी लोखंडावर लवकरच गुळगुळीत होऊन गेली. एक कड साफ झाली, दुसरी अर्धीच. डॉक्टरकडे आणखी मागायला आपा आली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "होण्यासारखं होतं तेवढं झालं."

जेवणाच्या दिवशी पहाटे कडक गारठा पडला. अंगणात गवतावर पांढरी साय धरली होती. तंबू उभा होता, चुलाण्यांवर मांस शिजत होतं, मुल्लांचं पठण झालं. मग लोक यायला लागले. मी तंबूत चहाच्या वाट्या लावत होते. आपा भिंतीकडे तोंड करून बसली होती, शेजारी कुलिपा. कोमुझ आपापुढे उघड्या नमद्यावर ठेवलेलं, रात्रभर तिथेच पडलं असावं.

बाहेरून रडणं ऐकू आलं. वरच्या खोऱ्यातले पुरुष होते. आवाज जवळ येत गेला आणि दाराशी थांबला. कुलिपानं ओठ घट्ट मिटले, अगदी म्हणाली होती तसे. तंबूतल्या सगळ्या बायका आपाच्या पाठीकडे पाहत होत्या.

आपानं कोमुझ उचललं, दातांवर टेकवलं आणि छेडलं.

आवाज निघाला. खोल, जाड, आणि त्याच्या मागोमाग एक खरखर. जीभ बाहेर जाताना स्वच्छ बोलायची आणि परत येताना अर्ध्या कडेला घासायची. सूर, खरखर, सूर, खरखर. कोणी दम लागलेला असताना बोलावं तसं काही. तिनं दुसऱ्यांदा छेडलं तेव्हा तिचे खांदे एकदम वर आले. तिसऱ्यांदा छेडलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, हात मोकळा नव्हता. ती वाजवत राहिली आणि पाणी हनुवटीवरून लोखंडावर पडत राहिलं.

"रडतेय," माझ्यामागे कोणीतरी म्हणालं. ते तंबूभर झालं. बायका डोळ्यांना रुमालाची टोकं लावायला लागल्या. कुलिपानं मान वळवून भावजयीचा चेहरा पाहिला. मग तिनं विलाप उचलला, मोठ्यानं, आपाच्या सुराखाली सूर धरून. बाहेरच्यांना उत्तर गेलं. ते आत आले.

दुपारी लोक पांगल्यावर कुलिपानं स्वतः चहा ओतून आपाला वाटी दिली. "आटलेली नव्हतीस म्हणायची," ती म्हणाली. "नुसती हट्टी आहेस. माझ्या भावानं कसे दिवस काढले देव जाणे."

"मीठ मागत काढले," आपा म्हणाली.

कुलिपा हसली आणि लगेच रडली. आपानं चहा प्यायला.

नंतर आम्ही दोघी नळावर कढया घासत होतो. आपा म्हणाली, "दात होता, पोरी."

"काय?"

"लोखंड गार पडलं होतं. लावलं आणि कळ गेली, थेट डोक्यापर्यंत. पहिल्यांदाच गेली. डोळ्यांतून पाणी काढलं तिनं."

"मग थांबायचं ना."

"थांबले असते तर उत्तर गेलं नसतं."

मी कढई उलटी घातली.  तिनं दुसरी ओढली.

पुढच्या आठवड्यात ती तार काढायला आली. डॉक्टरनं तार काढली, दातांमागे ते हलू नयेत म्हणून बारीकशी दुसरी चिकटवली, आणि नेहमीसारखा हवेचा फवारा मारला. आपानं डोळे मिटून घेतले.

"जाणवतं?"

"हो."

"कुठे?"

आपानं बोट ठेवलं. मग शेजारच्या दातावर ठेवलं.

"झालं ना शेवटी," डॉक्टर म्हणाली. "थंडी पडली की असं होतं, कडा पातळ झाल्यात. काळजी नको. एक लेप लावते, दोन-तीन वेळा लावला की कळ थांबेल." तिनं मला खूण केली. मी बाटलीचं झाकण उघडलं, छोटा ब्रश बुडवून तिच्या हातात दिला.

आपानं तिचं मनगट धरलं. जोरानं नाही. "राहू दे."

"आपा, हिवाळा येतोय. गार पाणी प्यायचं, बाहेर बोलायचं, प्रत्येक वेळी कळ येईल."

"येऊ दे."

"किती दिवस सोसणार?"

"बघू," आपा म्हणाली. "थांबवावीशी वाटली की येईन."

"सोमवारी?" डॉक्टरनं विचारलं.

 आपा खुर्चीतून उतरली, गळ्यातला रुमाल काढून त्याची नीट घडी केली आणि तो माझ्या हातात दिला. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीला झाकण लावलं.

हत्यारं उकळत टाकायला मी खिडकीशी गेले तेव्हा ती अजून दवाखान्याच्या पायरीवरच होती. नदीवरून वारा येत होता. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून घट्ट बांधला, पण तोंड झाकलं नाही. ओठ थोडे उघडे ठेवून ती वाऱ्याकडे तोंड करून उभी होती.